पेंटरच्या दोन फिल्म

मित्रांनो, मी दिव्याची एक जुनी पेटी आहे. पण घर उजळावं म्हणून मला कुणी कधी लावलं नाही. माझ्या पुढच्या अंगाला दुधी काच आहे, पोटात दोन ट्यूब आहेत, वरच्या कडेला चाप आहेत आणि उजव्या कुशीला एक खटका आहे. चापात एक्स-रेची नाहीतर स्कॅनची काळी फिल्म अडकवायची आणि खटका दाबायचा, की माणसाच्या आतलं सगळं दिसायला लागतं. डॉक्टर मला व्ह्यू बॉक्स म्हणतात. आमच्या इस्पितळात सामान हलवणारे, रुग्णांना ढकलगाडीवरून नेणारे एक मामा आहेत, ते मला ‘पांढरी पाटी’ म्हणतात. मला मामांचं नाव जास्त आवडतं.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिरानं माझ्या कडा दुमडल्या, त्यानं पहिल्यांदा मला पेटवलं आणि आपला पंजा माझ्या काचेवर ठेवून शेजारच्याला विचारलं, “बघ रे, माझी हाडं दिसतात का?” शेजारचा म्हणाला, “हाडं नाहीत, मळ दिसतोय.” दोघं हसले आणि मला खोक्यात घातलं. मी निघाले ती थेट इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत येऊन भिंतीवर बसले.

खोली लहानच होती. एक टेबल, हात धुवायचं भांडं, वजनाचा काटा आणि पेशंटसाठी दोन खुर्च्या. त्यातली एक खुर्ची डुगडुगायची. वाईट बातमी ऐकणारा माणूस नेमका त्याच खुर्चीवर कसा बसायचा, हे मला आजवर कळलेलं नाही. मोठे डॉक्टर माझ्यावर फिल्म लावायचे, पेन्सिलीचं टोक टेकवायचे आणि समोरच्याला समजावून सांगायचे. मला माझ्या कामाचा भारी अभिमान होता. मी बढाई मारत नाही, पण मला खोटं बोलताच येत नव्हतं. जे फिल्मवर आहे ते दाखवायचं, एवढाच माझा धर्म.

आणि मग चौदा वर्षांपूर्वीची ती सकाळ उजाडली.

माझ्यावर एका माणसाच्या पोटाचा स्कॅन लावलेला होता. डाव्या मूत्रपिंडाच्या कडेला लिंबाएवढी गाठ होती. स्कॅनच्या आधी शिरेतून जे औषध सोडतात ना, ज्याला सगळे ‘डाय’ म्हणतात, ते त्या गाठीत शिरून ती चांगलीच उजळली होती. ज्याचा तो स्कॅन होता, तो माणूस रक्त द्यायला खालच्या मजल्यावर गेला होता. समोर त्याची बायको एकटीच होती. अर्थातच डुगडुगत्या खुर्चीवर.

“कॅन्सर आहे,” मोठे डॉक्टर म्हणाले. “पण अजून किडनीच्या बाहेर गेलेला नाही. किडनी काढली तर माणूस वाचेल.”

बाई रडली नाही. डॉक्टरांकडेही तिनं पाहिलं नाही, ती माझ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “डॉक्टर, ह्यांना सांगू नका.”

“अहो बाई, रोग त्यांना आहे.”

“ह्यांच्या मोठ्या भावाला घशाचा झाला होता. तो शब्द कानावर पडला त्या दिवशी भाऊजींनी अन्न सोडलं. डॉक्टर म्हणत होते दोन वर्षं काढतील. दोन महिने नाही काढले. हे तर भावापेक्षा हळवे आहेत. हातातला ब्रश गळेल ह्यांच्या.” तिनं पदर बोटाला घट्ट गुंडाळला होता. “मुतखडा सांगा. खडा मोठा झाला, किडनी सडली, काढावी लागेल. मी सांभाळते पुढचं.”

मोठे डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. बाहेर जिन्यावर पावलं वाजली, तसा त्यांचा हात माझ्या कुशीकडे आला आणि त्यांनी खटका वर केला. मी विझले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो पहिला धक्का! दिवस संपला म्हणून, ट्यूब गेली म्हणून मी शेकडो वेळा विझले असेन. पण ज्याचं पोट माझ्यावर लावलेलं आहे, तोच दारातून आत येतोय म्हणून मला कुणी विझवलं नव्हतं. मला वाटलं, डॉक्टरांचा हात चुकून लागला असेल.

आत आलेला माणूस किडकिडीत, हसरा होता. शर्टाच्या बाहीवर निळ्या रंगाचा ठिपका होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्याचा धंदा. सगळे त्याला पेंटरच म्हणायचे. खुर्चीत बसता बसता तो म्हणाला, “काय डॉक्टर, केवढा दगड निघाला? घराच्या पायाला पुरेल का?”

डॉक्टर हसले. बायको हसली. मी अंधारात होते आणि माझ्या काचेवर त्याची खरी गोष्ट काळीठिक्कर पडून लटकत होती.

ऑपरेशनच्या कागदावर सही बायकोनं केली. पेंटरनं वाचायला मागितला, तर ती म्हणाली, “तुम्हाला कशाला त्रास, सगळे कागद सारखेच असतात.” मूत्रपिंड निघालं, माणूस बरा झाला, पुन्हा शिडीवर चढून पाट्या रंगवायला लागला. पुढची पाच वर्षं दरवर्षी ती त्याला तपासणीला आणायची. ‘खडा परत होतो’ असं कारण होतं. पाच वेळा माझ्यावर नवी फिल्म लागली आणि पाच वेळा पेंटर आत यायच्या आधी खटका वर झाला. हळूहळू मलाही सवय झाली. खोटेपणाची सवय व्हायला फार वर्षं लागत नाहीत.

पाचव्या वर्षी मोठे डॉक्टर तिला म्हणाले, “छान आहे सगळं. आता दरवर्षी नाही आलात तरी चालेल. पण अधूनमधून येत राहा. हा रोग कधीकधी दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा डोकं वर काढतो.” बाईच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. ‘चालेल’ इथंच तिचे कान मिटले. माणसाला हवं तेवढंच ऐकू येतं, दुसरं काय? त्यानंतर ती दोघं आली नाहीत. दोन वर्षांनी मोठे डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. आता पेंटरला झालं होतं काय, हे जगात एकट्या त्याच्या बायकोला माहीत होतं. आणि मला. पण मला विचारतंय कोण?

कारण तोवर कॉम्प्युटर आला होता. स्कॅन पडद्यावर दिसायला लागले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडके वॉकर, सलाईनचे गंजलेले स्टँड, रिकामी खोकी आणि मी. ओली फडकी वाळत घालायला मामांना माझी वरची कड सोयीची वाटली. एकदा कुणीतरी मला भंगारात द्यायला काढलं, तेव्हा आमच्या थोरल्या सिस्टर आडव्या आल्या. “राहू दे ती. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो, तेव्हा हीच कामाला येईल.” मीसुद्धा लाइटवरच चालते, मित्रांनो. पण जीव वाचत असेल तर असल्या बारीकसारीक चुका काढू नयेत.

एका दुपारी दार उघडलं. मामांनी माझ्यावरची फडकी फेकली, ओल्या कापडानं माझा चेहरा पुसला आणि खटका दाबून पाहिला. उजवी ट्यूब लगेच लागली. डावी फडफडली, गुरगुरली आणि अखेर लागली. “आहे, पाटीत जीव आहे,” असं म्हणत मामांनी मला उचललं आणि थेट माझ्या जुन्या खोलीत नेलं. भिंतीतला खिळासुद्धा तसाच होता. टेबल मात्र नवं होतं आणि टेबलामागे मोठ्या डॉक्टरांच्या जागी एक चाळिशीच्या सर्जन बाई होत्या. त्या भरभर बोलायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे.

मॅडमच्या हातात एक जुनी फिल्म होती. ती खिडकीला धरून बघायचा त्यांनी खटाटोप केला होता, पण खिडकीसमोर आता पाच मजली इमारत उभी होती. उजेडाचा पत्ता नव्हता. म्हणून माझी आठवण झाली होती.

“सिस्टर, ह्या पेशंटच्या स्वादुपिंडात दोन गाठी आहेत,” मॅडम सांगत होत्या. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवा पडलेला, हाताच्या पंजाएवढा लांबट अवयव. अन्न पचवणारा रस तोच करतो आणि रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिनही तोच करतो. “काल डॉक्टरांच्या बैठकीत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही दोन जागी, मग कापून काय उपयोग? औषधं द्या, घरी पाठवा. पण तो कॅन्सर स्कॅनवर मळकट, काळपट दिसतो. ह्यांच्या गाठी लख्ख उजळल्यात. तुकडा काढायला सुई घातली तर नुसतं रक्तच आलं. ह्यांची एक किडनी काढलेली आहे. कशानं गेली म्हणून मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, मुतखडा! आपल्याकडच्या तेवढ्या जुन्या फायली रद्दीत गेल्या. बायकोकडे कागद मागितले तर म्हणते हरवले, एवढी फिल्म आहे.”

मॅडमनी फिल्म चापात अडकवली आणि मी ती लगेच ओळखली. डाव्या मूत्रपिंडाच्या कडेला लिंबाएवढी गाठ. ही फिल्म मी कशी विसरेन? हिच्यासाठीच तर मला पहिल्यांदा विझवलं होतं!

शेजारी मॅडमनी आत्ताच्या स्कॅनची छापून घेतलेली नवी फिल्म लावली. मी दोन्हीकडे पाहिलं आणि सुन्न झाले. ओरडावंसं वाटत होतं, पण मला ओरडता येत नाही. डावी ट्यूब तेवढी फडफडली.

आणि दार उघडून ती दोघं आत आली.

माझा हात, सवयीनं, म्हणजे हात कुठला, माझा सगळा जीव त्या खटक्याकडे गेला. आता कुणीतरी मला विझवणार! पण मॅडमना ती जुनी रीत ठाऊक नव्हती. मी लखलखत राहिले.

पेंटर फार वाळला होता. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यावर लोंबत होता. मला पाहून तो थबकला. “अरे, ही पाटी अजून आहे? अगं बघ, मोठ्या डॉक्टरांची. मी ही कधी लागलेली बघितलीच नव्हती. मला वाटायचं बिघडलेलीच आहे.”

बायकोनं फिल्मचं रिकामं पाकीट छातीशी धरलं होतं.

पेंटर खुर्चीत बसलाच नाही. तो माझ्याजवळ आला, मान तिरकी केली, एक डोळा मिटला. नंतर कळलं की रंग जुळवताना तो असंच बघतो. जुन्या पाटीतलं एखादं अक्षर उडालं तर तेवढंच नव्यानं भरायचं असतं, आणि पांढऱ्यात पांढरा मिसळणं हे सगळ्यांत अवघड काम. पांढरे शंभर प्रकारचे असतात म्हणे.

“मॅडम, एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा ना.”

“हे काय आहे?” त्यानं जुन्या फिल्मवर बोट ठेवलं.

“तुमची काढलेली किडनी. तिच्यातली...” मॅडम थांबल्या.

“आणि ह्या दोन आत्ताच्या.” त्याचं बोट नव्या फिल्मवर सरकलं. “हे पांढरे एकाच डब्यातले आहेत.”

त्यानं बोट मणक्याच्या हाडावर नेलं.

“तीस वर्षं हेच केलंय मी. हे हाड बघा, तेही पांढरं आहे, पण त्याचा डबा वेगळा. खडा म्हणजे दगडच ना? मग तो हाडासारखा टणक पांढरा दिसायला पाहिजे. हा तसा नाही. हा ओला पांढरा आहे. आणि इथला आणि तिथला, दोन्ही एकच आहेत.” तो मागे वळला. “खडा नव्हता हा. मग काय होतं?”

मॅडमनी बायकोकडे पाहिलं. सिस्टरांनी पाहिलं. दाराशी उभ्या मामांनीही पाहिलं.

“अहो...” ती म्हणाली. मग एकदम सगळं बाहेर पडलं. भाऊजींचं अन्न सोडणं, मोठ्या डॉक्टरांना घातलेली गळ, दरवर्षीच्या खोट्या तपासण्या. इस्पितळातून मिळालेले सगळे कागद तिनं न्हाणीघरात बारीक फाडून टाकले होते. फिल्म फाडायला गेली तर ती फाटेचना. नखं मोडली, पण फिल्म फाटली नाही. तेव्हा तिनं ती कपाटात वर्तमानपत्राच्या कागदाखाली दडवली. चौदा वर्षं तिच्यावर साड्यांच्या घड्या बसत राहिल्या. कोंबडं कितीही झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. पण ते फुटायला चौदा वर्षं लागावीत?

पेंटर डुगडुगत्या खुर्चीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दारात पाऊल टाकावं आणि समोर घरच नसावं, तसा तो बघत होता.

“चौदा वर्षं,” तो म्हणाला. “अगं, चौदा वर्षं मी लोकांना सांगत फिरलो, पाणी प्या नाहीतर खडा होतो. आपल्या गल्लीतल्या नळाजवळ मी फुकट पाटी रंगवून दिली. ‘भरपूर पाणी प्या, मुतखडा टाळा’. दोन रंगांत. खाली स्वतःचं नाव घातलं. तू खाली उभी राहून शिडी धरली होतीस ना?”

“हो,” ती म्हणाली.

“आणि तुला हसू नाही आलं? रडू नाही आलं?”

मामा तोंड फिरवून कॉरिडॉरकडे बघायला लागले.

मॅडम भानावर आल्या त्या चिडूनच. “बाई, हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळायला हवं होतं. काल आम्ही ह्यांना घरी पाठवायचं ठरवत होतो! उपचार नाही म्हणून!” बाईच्या तोंडचं पाणी पळालं. आपण नवऱ्याला कशापासून वाचवत होतो आणि कुठल्या कड्यापर्यंत आणून सोडलं, हे तिला त्या क्षणी कळलं असावं. ती भिंतीला टेकली ती टेकलीच.

मग मॅडम पेंटरसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी सांगितलं ते असं. किडनीचा कॅन्सर कधीकधी अंगात दडून राहतो आणि कितीतरी वर्षांनी दुसरीकडेच बिऱ्हाड करतो. स्वादुपिंड ही त्याची एक आवडती जागा. पण तो स्वादुपिंडाचा स्वतःचा कॅन्सर नव्हे. त्याची चाल धिमी असते. दुसरीकडे कुठं तो नसेल, तर दोन गाठी असल्या तरी काढण्यात अर्थ असतो, आणि काढल्यावर पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं जगतात. आधी खात्री करावी लागेल. मग पुन्हा बैठक.

खात्री झाली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढलेल्या गाठींचे पातळ काप लावलेल्या जुन्या काचा लाकडी खणांत ठेवतात. मामा आणि सिस्टर दोन दिवस ते खण उपसत होते. अखेर चौदा वर्षांपूर्वीची पेंटरची काच सापडली. सुईतल्या रक्तात पुन्हा नीट शोधल्यावर ज्या चार-दोन पेशी निघाल्या, त्या तिच्यावरच्या पेशींशी तंतोतंत जुळल्या. छाती आणि डोक्याचा स्कॅन स्वच्छ आला. बैठकीतल्या डॉक्टरांनी आपलं म्हणणं मागे घेतलं.

त्या आठवड्यात पेंटर एकटाच आला. मॅडमना म्हणाला, “सगळं सांगा. काही गाळू नका.”

मॅडमनी शाईचं पेन घेतलं आणि थेट माझ्या काचेवर चित्र काढलं. स्वादुपिंडाचं डोकं, मधला भाग, शेपूट. “एक गाठ डोक्यात, एक शेपटीत. मधलं वाचवता आलं तर वाचवीन.”

“नाही वाचलं तर?”

“तर सगळंच काढावं लागेल. मग जन्मभर रोज इन्सुलिनची इंजेक्शनं, आणि प्रत्येक जेवणाबरोबर पचनाच्या गोळ्या. एक दिवस चुकवून चालणार नाही. ऑपरेशन फार मोठं आहे. त्यात, किंवा नंतरच्या दिवसांत, माणूस जाऊसुद्धा शकतो.”

“परत एकदा सांगा.”

मॅडमनी शब्द न् शब्द परत सांगितला. पेंटरच्या कपाळावर घाम आला होता. पण ब्रश काही गळला नाही. त्यानं कागद मागितला, सगळा वाचला आणि सही केली. आयुष्यभर लोकांची नावं सुबक अक्षरांत रंगवणाऱ्या माणसाचं स्वतःचं नाव वाकडं आलं. बायको दाराबाहेर बाकावर बसली होती. बाहेर पडताना तो तिला म्हणाला, “मागची सही तुझी होती. ही माझी.” त्या दिवसापासून ऑपरेशनच्या सकाळपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही, असं मामा सांगत होते. ती रोज डबा घेऊन यायची, तो खायचा, ती रिकामा डबा घेऊन जायची.

मॅडमना दोन्ही फिल्म डोळ्यांसमोर हव्या होत्या, म्हणून मला ऑपरेशनच्या खोलीत नेलं. मी पहिल्यांदाच तिथं गेले. गारठा एवढा, की माझी डावी ट्यूब लागायला पाच मिनिटं लागली. पेंटरला टेबलावर झोपवलं तेव्हा त्यानं मान वळवून मला पाहिलं. “चालू आहे ना?” त्यानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “चालू आहे.” मग त्याला भूल दिली.

मी मोठ्या ऐटीत होते. दोन गाठी, कुठं आहेत, केवढ्या आहेत, सगळं माझ्या काचेवर होतं. पोट उघडल्यावर मॅडमनी सोनोग्राफीचा एक लहानसा दांडा स्वादुपिंडावरून सावकाश फिरवला. डोक्यातली गाठ दिसली. शेपटीतली दिसली. दांडा मध्ये आला आणि थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा थांबला.

“तिसरी,” मॅडम म्हणाल्या.

मधोमध, वाटाण्याएवढी. मी माझी फिल्म वरपासून खालपर्यंत धुंडाळली. नव्हती! माझ्यावर ती नव्हतीच. मित्रांनो, आयुष्यभर मला वाटत आलं होतं की मी दाखवते ते संपूर्ण खरं. त्या क्षणी माझा सगळा तोरा उतरला. मी दाखवते ते खरं असतं, पण तेवढंच खरं असतं असं नाही.

“सगळं काढायचं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी शेजारच्याला काही विचारलं नाही. पेंटरनं त्यालाही आधीच होकार देऊन ठेवला होता.

डोक्याच्या बाजूला स्वादुपिंड आतड्याच्या पहिल्या वळणाला चिकटलेलं असतं, पित्ताची नळी त्यातूनच जाते, शेपटीला प्लीहा लागून असते. सगळं एकत्र सोडवावं लागतं आणि मग आतडं, पित्तनळी पुन्हा जोडून द्यावी लागते. ह्या गाठींना रक्तपुरवठा भारी. एका शिरेतून अचानक रक्ताचा लोट आला. भूल देणारे डॉक्टर ओरडले, “बीपी उतरतंय! मॅडम, उतरतंय!” मॅडमचं बोट त्या शिरेवर दाबलेलं होतं. सिस्टरांनी न विचारता हातात चिमटा दिला. कुणीतरी रक्ताची पिशवी दाबून धरली. किती वेळ गेला कोण जाणे. मला आठवतं ते एवढंच, की त्या गडबडीत कुणाचा तरी कोपर माझ्या खटक्याजवळ आला आणि मी जीव मुठीत धरून म्हणत होते, आता नको, आता विझवू नका.

कोपर लागला नाही. रक्त थांबलं. आकडे वर चढले. सात तासांनी मॅडमनी शेवटचा टाका घातला.

पुढचं मामांकडून कळलेलं. बायको ते सात तास बाकावर बसून होती, मांडीवर फिल्मचं रिकामं पाकीट घेऊन. सहाव्या दिवशी सिस्टर इन्सुलिन कसं द्यायचं ते शिकवायला गेल्या. पेंटरचे हात अजून कापत होते, म्हणून बायकोनं सुई हातात घेतली. तो म्हणाला, “थांब. आधी सांग, हे काय आहे? किती आहे? कशासाठी देतेस?”

तिनं औषधाचं नाव सांगितलं. किती भरलं ते सांगितलं. तुमचं स्वादुपिंड काढलं, कारण तुम्हाला कॅन्सर होता, असं तिनं तोंडानं सांगितलं. तो शब्द तिनं चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर उच्चारला. मामा म्हणाले, दोघंही लहान पोरांसारखी रडत होती.

“आता दे,” पेंटर म्हणाला.

आठ महिन्यांनी ती दोघं तपासणीला आली. मी पुन्हा मॅडमच्या खोलीत होते. आता मला तिथून हलवायचं नाही, असा मॅडमचा हुकूम होता. पेंटरनं अंग धरलं होतं. माझ्यावर नवी फिल्म लागली, मी पेटले, आणि तिघांनी मिळून ती पाहिली. मॅडम म्हणाल्या, “आज कुठं काही नाही. पुढच्या वेळी काय असेल, ते मी आज सांगू शकत नाही.” पेंटरनं मान हलवली. “एवढं पुरे आहे,” तो म्हणाला.

मग त्यानं पिशवीतून रंगाचा लहान डबा आणि ब्रश काढला. “मॅडम, परवानगी असेल तर.” बायकोनं डबा धरला. माझ्या काचेखाली पत्र्याची चार बोटं रुंद पट्टी आहे. तिच्यावर तो अर्धा तास वाकून रंगवत होता. ब्रशची गुदगुली होत होती, पण मी हलले नाही. अक्षरं अगदी सरळ आली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, हे तर मी सांगणारच. जुनी फिल्म, जुना कागद फाडू नका. कधी कुणाचा जीव त्याच्यावर अवलंबून असेल सांगता येत नाही. पण त्याहून मोठं मागणं माझं दुसरंच आहे. ज्याचं दुखणं आहे त्याच्यापासून ते लपवू नका. तुम्ही मायेपोटी लपवाल, मला ठाऊक आहे; तिनंही मायेपोटीच लपवलं होतं. घाबरायचा असेल तर त्याला घाबरू द्या, आणि तुम्ही शेजारी बसा.

परवाच एक म्हातारे गृहस्थ आले होते. ते बाहेर जोडे काढत होते, तेवढ्यात त्यांचा मुलगा घाईघाईनं आत आला आणि मॅडमच्या कानाशी कुजबुजला, “बाबांना सांगू नका हं, त्यांना सहन नाही होणार. तो दिवा जरा...” आणि त्याचा हात माझ्या खटक्यापर्यंत आला. मॅडमनी फक्त काचेखालच्या पट्टीकडे बोट दाखवलं. मुलानं वाचलं:

‘रुग्ण समोर असताना दिवा बंद करू नये.’

त्याचा हात तिथंच थांबला. म्हातारे गृहस्थ आत आले, डुगडुगत्या खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “हं, दाखवा.” मुलानं शेजारची खुर्ची ओढली आणि वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी पेटलेलीच होते.